दूरच्या भाऊबंदांशीं वंशावळींची देवघेव

नागपूरच्या ज्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घ्यावा, त्याचे निम्मे कागद नागपुरांत नसतात, हा अनुभव संग्राहकांस नवा नाहीं. हिंगणीकर भोसल्यांच्या मागोमाग अठराव्या शतकांत देशावरून व कोंकणांतून जीं कुटुंबें इकडे आलीं, त्यांची चाकरी येथें झाली, वतन मात्र मूळ गांवींच राहिलें. त्यामुळें महजर, निवाडपत्रें व इनामाच्या सनदा तिकडील भावाच्या घरीं, आणि नेमणुकांच्या यादी, जमाखर्च व खासगी पत्रव्यवहार इकडील शाखेच्या रुमालांत, अशी वांटणी होऊन बसली. खुद्द भोसल्यांचेंही तसेंच. राज्य खालसा झाल्यावर दत्तक जानोजींस राजाबहादुर हा किताब मिळाला. त्यास जोडलेलें देऊर हें गांव नागपूर प्रांतांतील नसून सातारा जिल्ह्यांतील आहे.

तेव्हां दूरच्या भाऊबंदांस पत्र घालणें ओघानेंच आलें. परंतु अशा पत्रास बहुधा उत्तर येत नाहीं, आणि आलेंच तर ‘आमचेकडे कागद नाहींत’ एवढेंच येतें. ह्याचें कारण आळस नव्हे. वतनाच्या काळांत वंशावळ ही हौसेची वस्तु नव्हती. ती तंट्यांतील पुरावा होती. भाऊबंदानें आज वंशावळ मागितली म्हणजे तो उद्यां हिस्सा मागणार, हें शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें. मुंबई इलाख्यांतील परगणे व कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें आणि मुलकी पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें संपली. इकडील मालगुजारीही १९५० च्याच एका कायद्यानें गेली. वतनें गेलीं, धास्ती राहिली.

ती घालविण्याचा मला ठाऊक असलेला एकच मार्ग म्हणजे मागण्यापूर्वीं देणें. आमच्या मूळ गांवच्या शाखेस मीं तीन वेळां विनंतिपत्रें पाठविलीं, उत्तर नाहीं. चौथ्या वेळीं कांहींच न मागतां, त्यांच्याच एका पूर्वजानें नागपुरास धाडलेल्या पत्राचें छायाचित्र व बालबोध नक्कल पाठविली. नागपुरीं पुतण्या झाल्याचें सोयेर कळलें, संतोष जाहला, असा त्यांतील मजकूर. पंधरा दिवसांत उत्तर आलें, व त्यासोबत एक वंशावळही आली. तिच्याविषयीं पुढें सांगतों.

काय पाठवावें याविषयीं थोडेंसें. नुसती नक्कल पाठवूं नये. मोडींत शब्द तोडलेले नसतात व ह्रस्वदीर्घाचा भेद नसतो. दोन नांवांचें एक किंवा एकाचीं दोन व्हावयास वेळ लागत नाहीं. म्हणून मूळ कागदाच्या दोन्ही बाजूंचें छायाचित्र सोबत असावें. पाठीवरील शेरा पुष्कळदां पोटांतील मजकुराहून मोलाचा असतो. तिथि मूळ कालगणनेंतच ठेवून इसवी सन शेजारीं द्यावा. शुहूर सनांत ५९९ किंवा ६००, दक्षिणी फसलींत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. वर्ष मृगास बदलत असल्यानें महिना कळल्यावांचून नेमका आंकडा ठरत नाहीं. केवळ इसवी सन लिहिला तर चूक कोणाची, हें शोधण्याची वाट बंद होते.

दुसरें, दत्तक व मुलींचीं नांवें गाळूं नयेत. छापील कुलवृत्तांतांचा हा मोठा दोष आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. दुसरे रघूजी हे मुधोजींचे औरस पुत्र व जानोजींचे दत्तक. एकाच शाखेखालीं त्यांचें नांव लिहिलें तर वृक्ष खोटा होतो. तिसरे रघूजी जन्मानें गुजर, दुसऱ्या रघूजींच्या मुलीचे पुत्र. ११ डिसेंबर १८५३ रोजीं ते निपुत्रिक वारल्यावर उत्तरक्रिया अहेरराव घराण्यांतील यशवंतरावांनीं केली. तेच पुढें जानोजी. डलहौसीनें दत्तक मानला नाहीं व १८५४ त राज्य खालसा केलें. गुजर व अहेरराव या आडनांवांकडे पाठ फिरविणारास नागपूरच्या गादीचा शेवटचा अर्धशतकाचा इतिहास लावतां येणार नाहीं. सामान्य घराण्यांतही हरवलेला रुमाल पुष्कळदां निराळ्या आडनांवाच्या घरीं, एखाद्या लेकीच्या सासरीं निघतो.

आतां त्या वंशावळीविषयीं. आलेली वंशावळ कोणत्या कामासाठीं केली होती, हें प्रथम विचारावें. मुंबई इलाख्यांत १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हां शेंकडों घराण्यांनीं कैफियतींसोबत वंशावळी गुजरल्या. इनाम ज्याच्या हातीं, त्यानेंच त्या लिहविल्या. शक्य असेल तेथें तीर्थोपाध्यांच्या वह्या पाहाव्या. त्र्यंबकेश्वरीं यात्रेकरूनें आपल्या वाडवडिलांचीं व मुलांचीं नांवें सांगितलीं तीं पुण्यासाठीं, इनामासाठीं नव्हेत.

आमच्या भाऊबंदांनीं पाठविलेली वंशावळ कमिशनापुढें दिलेल्या कागदाचीच नक्कल निघाली. लिहविणारा त्या सोयेराच्या पत्राच्या लेखकाचा मुलगा. तींत नागपूरच्या शाखेपुढें एकच शब्द आहे: निर्वंश. मीं तें दाखवितांच त्या गृहस्थांनीं लिहिलें कीं, पत्र व वंशावळ दोन्ही कुलवृत्तांतांत समोरासमोर छापावीं, आणि त्यांच्या माळ्यावर अजून दोन रुमाल आहेत.