मत्स्यालयाच्या तळाला ऊब हवी का?

अनमोड घाट चढून गेले की गोवा मागे पडतो आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका लागतो. काळी नदीचा उगम याच तालुक्यात, डिग्गीजवळ. ऐन उन्हाळ्यात येथील एखाद्या ओहोळात उभे राहिल्यास उथळ पाणी उन्हाने कोमट झालेले जाणवते. परंतु तळाच्या रेतीत पायाची बोटे रुतवली, तर काही जागी चक्क गारवा लागतो. पावसाळ्यात डोंगरात मुरलेले पाणी त्या जागी रेतीतून हळूहळू वर झिरपत असते. पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यालयाचा तळ विजेच्या तारेने तापवावा, ही कल्पना अशाच उष्णकटिबंधीय ओहोळांच्या निरीक्षणातून जन्मली. ओहोळातील हा पाझर मात्र उन्हाळ्यात गार असतो, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

या पद्धतीचा प्रसार जर्मनीतून झाला. कास्पार होर्स्ट आणि होर्स्ट किपर या दोघांच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती 1986 साली आली आणि ‘तळाखालची तार’ जगभरच्या हौशी मंडळींत चर्चेचा विषय झाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : निसर्गात पाणवनस्पतींच्या मुळांशी पाणी कोंडून राहत नाही. ते रेतीतून फिरते आणि मुळांना खनिजे पुरवते. काचेच्या पेटीत असा पाझर नसतो. म्हणून रेतीखाली कमी शक्तीची तापणारी तार नागमोडी अंथरावी; तारेलगतचे पाणी तापून वर चढेल, त्याची जागा घ्यायला वरचे गार पाणी खाली उतरेल आणि तळात मंद अभिसरण सुरू होईल. म्हणजे त्यांनाही खरे तर उष्णता नको होती, प्रवाह हवा होता. उष्णता हे केवळ साधन.

याच पद्धतीत रेतीत लॅटेराइट मिसळण्याची शिफारस असे, कारण त्यातून वनस्पतींना लोह मिळते. लॅटेराइट म्हणजे आपला जांभा, ज्याचे चिरे रचून गोव्यातील आणि कोकणातील घरे उभी राहिली. युरोपातील माणसाने पुड्यातून विकत घ्यावा असा हा माल आपल्या अंगणात विनामूल्य पडून आहे, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

तर्क सुबक आहे. अडचण तो आपल्या घरात आणताना येते. जर्मनीतील दिवाणखान्यात हवा वीस अंशांच्या आसपास असते आणि माशांना पंचवीस अंशांचे पाणी लागते. तिथे टाकी तापवावीच लागते. मग ती वरून तापवण्याऐवजी खालून तापवली, एवढाच फरक. पणजी किंवा मडगावच्या घरात वर्षातील बहुतेक दिवस खोलीचे तापमानच पंचवीसच्या वर असते. तापनियंत्रक जोडलेला असेल तर तार सुरूच होणार नाही, आणि बंद तारेने अभिसरण होत नाही. नियंत्रक काढून ती सतत चालू ठेवली, तर पाणी नको इतके तापेल. पंचवीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; बत्तीस अंशांना हे प्रमाण 7.3 वर येते. त्याच वेळी उष्णतेमुळे माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. झाडांच्या मुळांसाठी माशांचा श्वास कोंडणे हा व्यवहार काही शहाणपणाचा नव्हे.

दुसरा प्रश्न, तार चालली तरी पाणी खरोखर किती फिरेल? हे तळातील कणांच्या आकारावर अवलंबून आहे. कणाचा व्यास निम्मा झाला, की पाणी झिरपण्याची क्षमता साधारण एक चतुर्थांशावर येते. दोन-तीन मिलिमीटरच्या खड्यांतून मंद अभिसरण संभवते. बारीक रेतीत किंवा मातीत ते जवळजवळ थांबते. आणि मातीत तर मुळांना असे अभिसरण फारसे लागतही नाही.

याचे उत्तर भातशेतीत आहे. जोयड्यातील किंवा सत्तरीतील शेतकऱ्याने चिखलातून भाताचे रोप उपटले, की मुळांवर तांबूस लेप दिसतो. चिखलात प्राणवायू नसल्यामुळे तेथील लोह विरघळलेल्या रूपात असते. भाताचे रोप आपल्या पोकळ ऊतींतून पानांकडचा प्राणवायू मुळांपर्यंत पोहोचवते आणि मुळांलगत येताच त्या लोहाचा गंज बनतो. पाणथळ जागी वाढणाऱ्या पुष्कळ वनस्पतींनी हीच युक्ती साधली आहे. प्राणवायूविरहित चिखल त्यांना शत्रू वाटत नाही. उलट लोह आणि स्फुरद तिथेच सहज उपलब्ध होतात. बाहेरून प्राणवायूयुक्त पाणी तळात फार खेळवले, तर लोह पुन्हा न विरघळणारे होऊन बसेल. डायना वॉल्स्टाड या अमेरिकी लेखिकेने 1999 च्या आपल्या पुस्तकात साध्या बागेच्या मातीवर, कोणत्याही तारेविना, हिरवीगार टाकी उभी करण्याची रीत मांडली. ती जगभर यशस्वीपणे वापरली जाते. झाडांची वाढ प्रामुख्याने प्रकाश, कर्बवायू आणि अन्नद्रव्ये यांवर ठरते. तळाच्या उबेचा क्रम त्यानंतर पुष्कळ खाली लागतो.

मग खर्च कशावर करावा? चांगल्या दिव्यावर करावा. तळाला दोन बोटे मातीचा थर, त्यावर तेवढीच जाड रेती पुरेशी होते. रेतीत बिळे करणाऱ्या लहान शंखगोगलगायी सोडल्या, तर तळ मोकळा ठेवण्याचे काम त्या फुकटात करतात. रोपे मात्र रोपवाटिकेतूनच घ्यावीत. क्रिप्टोकोरीन स्पायरालिस ही जगभरच्या टाक्यांत मिरवणारी वनस्पती मूळची पश्चिम घाटातील, आपल्या अळूच्याच कुळातील. त्यामुळे जोयड्याच्या सहलीत ओहोळातून चार रोपे उपटण्याचा मोह होऊ शकतो. या तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो आणि संरक्षित वनातून परवानगीशिवाय वनस्पती नेणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

अपवाद एकच. जोयडा, रामनगर, कॅसलरॉकच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा चांगलाच उतरतो. खोलीतील टाकीचे पाणी पहाटे वीस अंशांखाली जात असेल, तर पाण्यात बुडणारा साधा हीटर बसवावा. पाण्यामागोमाग तळही उबदार होतो. त्या दिवसांत क्रिप्टोकोरीनची पाने अचानक विरघळल्यागत गळून पडली, तर मुळे गारठली असे समजून रोप उपटू नये. तापमान, प्रकाश किंवा पाणी एकाएकी बदलले की ही वनस्पती पाने टाकते. गळलेली पाने तेवढी काढून कंद जागीच ठेवावा. काही आठवड्यांत त्यातून नवी पाने येतात.