मेसोपोटेमियातील मनुष्यहानीचा हिशेब

परमुलखातील युद्धात झालेली मनुष्यहानी सरकारी दप्तरात चढते ती ठार, जखमी, बेपत्ता व कैदी अशा रकान्यांतून. परंतु पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, धाडलेल्या हिंदी पलटणींच्या बाबतीत हे रकाने फार थोडे सांगतात, कारण तेथे तुर्कांच्या गोळीतून वाचलेली कित्येक माणसे आपल्याच सरकारच्या अक्षम्य हेळसांडीने दगावली.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे जनरल टाउनशेंड यांच्या फौजेतील चार हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. रुग्णवाहक गाड्यांची तजवीजच नसल्यामुळे हाडे मोडलेल्या शिपायांना स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांत घालून तैग्रिस नदीपर्यंत आणले गेले आणि तेथून बोटींनी बसऱ्यास रवाना करण्यात आले. त्यांपैकी ‘मेजिदिया’ ही बोट बसऱ्यास येत असता, तिच्या कडेवरून दोरखंड लोंबत आहेत असे मेजर कार्टर या लष्करी डॉक्टरांना वाटले. बोट जवळ आल्यावर उमगले की ते दोर नसून, हलताही न येणाऱ्या, दाटीवाटीने पडलेल्या जखमींच्या विष्ठेचे वाळलेले ओघळ होते. ही हकीकत वरिष्ठांच्या कानी घालणाऱ्या कार्टर यांनाच अटकेची धमकी मिळाली! पुढे १९१७ मध्ये चौकशी आयोगाने त्यांची कैफियत ग्राह्य धरली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

टेसिफॉनहून मागे हटलेली हीच फौज कूत येथे १४७ दिवस वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. घोड्याचे मांस धर्मबाह्य म्हणून अनेक हिंदी शिपायांनी दीर्घकाळ वर्ज्य केले आणि स्कर्व्हीने ते खंगले. सुमारे १३,००० माणसे २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांच्या सुटकेच्या निष्फळ प्रयत्नांत याहून कितीतरी अधिक, सुमारे २३,००० माणसे मृत वा जायबंदी झाली होती. कैदेतील वाळवंटी पायपिटीत, उपासमारीत व रोगराईत आणखी हजारो गेले.

मोहिमेतील मृतांसाठी बसऱ्यास १९२९ मध्ये स्मारक उभारले गेले, तेव्हा ब्रिटिश शिपायाचे नाव शिळेवर कोरले गेले, हिंदी अंमलदाराचेही कोरले गेले. मात्र साध्या हिंदी शिपायाची त्याच्या पलटणीखाली केवळ संख्या मांडली गेली. नावे ठाऊक नव्हती, ही सबब येथे टिकत नाही: भरतीच्या नोंदींत शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका हे सारे टिपलेले असे, आणि त्याच्या वारसाला पेन्शन मंजूर करतानाही त्याच सरकारला नावानिशीच त्याची ओळख पटवावी लागे. मृत सैनिकांत हुद्द्याने वा वंशाने भेद करणार नाही, अशी हे स्मारक उभारणाऱ्या ज्या युद्धसमाधी आयोगाची मूळ प्रतिज्ञा होती, त्याने या अन्यायामागील वांशिक पूर्वग्रहाची कबुली देऊन क्षमा मागितली ती २०२१ मध्ये.