नोंदी यंत्राबाहेर हव्यात

नेटवर्कमधला राउटर अचानक बंद पडला की दुरुस्तीला बसलेल्याला आधी हवा असतो त्याचा लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी. पण हा लॉग बहुधा रॅममधल्या बेताच्या जागेत असतो. जागा भरली की नवी नोंद सर्वांत जुनी पुसते, आणि राउटर रीस्टार्ट झाला की सगळंच जातं. म्हणूनच नोंदी घडताक्षणी वेगळ्या सर्व्हरवर गेल्या पाहिजेत. घुसखोरीतही हेच खरं. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत निघाली. खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल यांनी तिचा माग काढला, तो पश्चिम जर्मनीतल्या घुसखोरापर्यंत पोहोचला. घुसखोर जे टाइप करी, ते स्टॉल यांनी येणाऱ्या लाइनींना जोडलेल्या प्रिंटरवर छापून घेतलं होतं. संगणकाचा ताबा मिळवणारा तिथला लॉग बदलू शकतो. त्या कागदांपर्यंत त्याचा हात पोहोचत नव्हता.

यावर रास्त आक्षेप असा, की नेटवर्कच तुटलं तर नोंदी जाणार कशा? नोंदी पाठवण्याच्या सिसलॉग या प्रचलित पद्धतीचं जुनं रूप यूडीपी या पोच न देणाऱ्या प्रोटोकॉलवर चालतं. नोंद पोहोचली की हरवली हे पाठवणाऱ्याला कळतही नाही. तेव्हा पोच देणारं टीसीपी आणि मजकूर कूटबद्ध करणारं टीएलएस वापरावं, आणि यंत्रावरही प्रत राहू द्यावी. नोंदींवरच्या वेळेकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. सिसलॉगच्या जुन्या साच्यात वर्ष नाही, टाइम झोनही नाही. २००९ च्या आरएफसी ५४२४ या इंटरनेट मानकाने ही उणीव भरून काढली. दोन यंत्रांची घड्याळं जुळत नसतील, तर आधी काय बिघडलं हे ठरवताच येत नाही. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने घड्याळं जुळवणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक केलं, ते मला योग्य वाटतं.

साठवणीच्या खर्चाचा आक्षेप त्यामानाने सोपा आहे. सिसलॉगमध्ये नोंदींच्या गांभीर्याच्या ० ते ७ अशा पातळ्या आहेत. ७ म्हणजे डीबग, ती एरवी बंदच ठेवावी. खासगीपणाचा आक्षेप खरा गंभीर. २०१८ मध्ये ट्विटरच्या अंतर्गत लॉगमध्ये वापरकर्त्यांचे पासवर्ड उघड स्वरूपात सापडले आणि कंपनीला सर्वांना ते बदलायला सांगावं लागलं. पण याचं उत्तर लॉग न ठेवणं हे नाही. पासवर्ड नोंदीत शिरण्याआधीच गाळावेत, मुदत संपलेल्या फाइली आपोआप पुसल्या जाव्यात, आणि मुदतीआधी पुसण्याचा अधिकार राउटर सांभाळणाऱ्या लॉगिनला मुळीच देऊ नये.