जुन्या पेट्रोल मोटरहोममागे कार जोडताय? आधी हा हिशोब करा

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, ओटा, बाथरूम, सगळं आतच. आम्ही अमेरिकेत राहतो आणि आमच्याकडे १९९० च्या दशकातलं, पेट्रोलवर चालणारं एक मोटरहोम आहे. मुक्कामी पोहोचल्यावर नुसतं दूध आणायला एवढं धूड बाहेर काढायला नको, म्हणून मागे छोटी कार जोडून नेतो.

पहिल्याच उन्हाळ्यात कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत गाडी रडतखडत चढली. खरी परीक्षा पलीकडच्या उतारावर झाली. पाय सतत ब्रेकवर होता. थोड्याच वेळात जळका वास आला आणि पेडल मऊ पडलं. नशिबाने कडेला थांबायला जागा मिळाली. चूक माझीच होती. ‘इंजिन ओढतंय ना, मग झालं’ एवढाच विचार मी केला होता.

वजनाचा हिशोब

तीन आकडे लागतात. पहिला, मोटरहोम आणि मागची कार मिळून कंपनीने ठरवलेली वजनमर्यादा, म्हणजे जीसीडब्ल्यूआर. दुसरा, हिचची क्षमता. ती हिचवरच लिहिलेली असते. तिसरा, सामान, पाणी, इंधन आणि माणसांसकट मोटरहोमचं खरं वजन. ते ट्रकच्या वजनकाट्यावरच कळतं. टाकीतलं ५० गॅलन पाणीच सुमारे ४१५ पौंड भरतं!

समजा एकत्रित मर्यादा २०,००० पौंड आणि मोटरहोम भरलं १६,२०० पौंड. उरले ३,८००. पण हिच ३,५०० चा असेल तर तुमची मर्यादा ३,५००च. दोन्हींपैकी लहान आकडा धरायचा.

चढ आणि उतार

जुन्या मोटरहोममध्ये फोर्डचं ७.५ लिटर किंवा शेवरलेचं ७.४ लिटर व्ही-८ इंजिन सर्रास असायचं. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते. हा बोगदा ११,००० फुटांवर आहे, म्हणजे तिथे जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते.

उतारावर मात्र प्रश्न ब्रेकचा. मोटरहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या वजनासाठी बनवलेले असतात. म्हणून कारचे ब्रेकही सोबत लागले पाहिजेत. त्यासाठी कारच्या पेडलवर बसणारं वेगळं उपकरण मिळतं. जोड तुटलाच तर कार आपोआप थांबवणारी केबल आणि सेफ्टी चेनही हव्यातच.

कार कोणती?

चारही चाकं रस्त्यावर ठेवून कोणतीही कार ओढता येत नाही. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, आणि आतले भाग कोरडे घासून निकामी होतात. कारचं मॅन्युअल ‘चालेल’ म्हणत असेल तरच जोडा. आणि जोडलेली असताना रिव्हर्स घेऊ नका. कारची पुढची चाकं वळतात आणि टो-बार वाकतो.

आता मी उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकतो. ब्रेक सतत दाबून न धरता, वेग वाढला की नीट दाबून कमी करतो आणि सोडतो. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवतात. वाजवू देत.