मानाची गदा लेकीच्या खांद्यावर

तालमीचा उंबरठा स्त्रीने ओलांडू नये, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची परंपरा १९६१ पासूनची. परंतु स्त्रियांसाठी त्याचे दार उघडण्यास २०२३ साल उजाडावे लागले. जगाची रीतही फारशी निराळी नव्हती. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या कुस्तीला २००४ साली अथेन्स येथे प्रथमच स्थान लाभले. ४८ किलो गटाचे पहिले सुवर्णपदक युक्रेनच्या इरिनी मेर्लेनी यांनी जिंकले.

मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. अंतिम लढतीत सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी कल्याणच्या वैष्णवी पाटील यांना पराभूत करून किताब पटकावला. वैष्णवींनी मात्र मैदान सोडले नाही. २०२५ च्या जागतिक स्पर्धेसाठी ६५ किलो गटात त्यांचीच भारतीय संघात निवड झाली. उघडलेल्या दाराचे मोल जेत्याइतकेच हरणाऱ्यालाही असते, ते असे!