चकवा, होकायंत्र आणि चोवीस तास

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणाऱ्या मंडळींना रोगेनिंगबद्दल सांगितलं की प्रतिक्रिया ठरलेली असते. "चोवीस तास रानात पळायचं? ते आपलं काम नाही." नाहीतर नेमकी उलट: "नकाशा घेऊन रात्री फिरायचं ना? त्यात काय, आम्ही पौर्णिमेचे नाइट ट्रेक करतोच की." दोन्ही बोलण्यांत या खेळावर अन्याय होतो. आपल्या डोंगरभटक्यांच्या पिंडाला इतका मानवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. म्हणून हे गैरसमज एकदा नीट निस्तरावेत असं फार दिवस मनात होतं.

आधी खेळ काय आहे ते. संघ 2 ते 5 जणांचा. सुरुवातीच्या दोन-तीन तास आधी हातात एक मोठा नकाशा पडतो, बहुधा 1:25,000 किंवा 1:50,000 प्रमाणाचा. त्यावर कित्येक चेकपॉइंट छापलेले असतात. प्रत्यक्ष रानात त्या ठिकाणी नारिंगी-पांढऱ्या कापडाची खूण टांगलेली असते. प्रत्येक चेकपॉइंटला क्रमांक असतो आणि क्रमांकातच त्याचे गुण दडलेले असतात. 87 क्रमांकाला 80 गुण, 34 ला 30. कुठून कुठे जायचं, किती गाठायचे, कोणते सोडायचे हे सर्वस्वी संघाने ठरवायचं. पूर्ण लांबीची स्पर्धा बहुधा दुपारी बाराला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संपते. ज्याचे गुण जास्त तो जिंकला. गुण सारखे असतील तर जो आधी परतला तो. जीपीएस चालत नाही, उंची दाखवणारं उपकरणही चालत नाही. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि डोकं, एवढ्यावरच भागवायचं.

"हे केसांच्या औषधाचं नाव ना?"

इंटरनेटवर शोधणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो, कारण त्या नावाचं केस उगवणारं औषध खरंच आहे. पण त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली 1988 साली. खेळाला हे नाव मिळालं त्याच्या बारा वर्षं आधी, 1976 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात. रॉड, गेल आणि नील फिलिप्स या तिघांच्या नावांतली सुरुवातीची अक्षरं जोडून ते तयार झालं. खेळाची मुळं त्याहून जुनी आहेत. मेलबर्न विद्यापीठाचा गिर्यारोहण क्लब 24 तासांची चाल 1947 पासून भरवत होता. पुढे 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, 1992 मध्ये व्हिक्टोरियातच पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि मग हा खेळ चेक प्रजासत्ताक, एस्टोनिया, फिनलंड, अमेरिका असा फिरत राहिला.

ओरिएंटियरिंगशी त्याचं नातं सख्खं आहे, पण दोन्ही एक नव्हेत. नेहमीच्या ओरिएंटियरिंगमध्ये ठिकाणांचा क्रम आयोजक ठरवतात आणि बहुधा एकेकट्याने, कमीत कमी वेळात तो पुरा करायचा असतो. इथे वेळ सगळ्यांना सारखाच. क्रम तुम्ही लावायचा.

"जो वेगाने पळतो तो जिंकतो"

जगातले अव्वल संघ 24 तासांत 100 किलोमीटरहून जास्त अंतर कापतात, हे खरं. पण मैदानात उतरणारे बहुतेक लोक चालतात. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांसाठी वेगळे गट असतात आणि ते रिकामे नसतात. सगळे चेकपॉइंट गाठायलाच हवेत असंही नाही. आखणीच अशी केलेली असते की फार थोड्यांना ते जमावं.

खरी स्पर्धा सुरू होते ती नकाशा हातात पडल्यावर, जमिनीवर गुडघे टेकून बसलेल्या संघात. नकाशा पसरलेला, चेकपॉइंटवर टाचण्या टोचलेल्या, आणि सेंटिमीटरच्या खुणा केलेला दोरा टाचण्यांभोवती फिरवत अंतर मोजणं चाललेलं. दोरा संपला की दोन टाचण्या काढायच्या, पुन्हा फिरवायचा. इथे 1892 मध्ये विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने सांगितलेला ठोकताळा अजून कामाला येतो: सपाटीवर ताशी 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. रानात, रात्री, थकल्या पायांनी हाही हिशेब उदार ठरतो.

आणि उशिराचा दंड विसरून चालत नाही. दर मिनिटाला 10 गुण कापले जातात. अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला तर सगळी मेहनत बाद. समजा सकाळचे सव्वाअकरा वाजलेत, मुक्काम अर्ध्या तासावर आहे आणि वाटेपासून जरा आत 90 गुणांचा चेकपॉइंट खुणावतोय. जाऊन येईपर्यंत पंचवीस मिनिटं लागली तर तुम्ही दहा मिनिटं उशिरा पोहोचाल. मिळाले 90, गेले 100. चेकपॉइंट सोडून देण्याचा हा निर्णय तेवीस तास जागलेल्या डोक्याने घ्यायचा असतो. माझ्या मते खेळातलं खरं कसब तेच.

"होकायंत्र वापरता आलं की वाट सापडते"

होकायंत्र दिशा दाखवतं. तुम्ही कुठे आहात हे ते सांगत नाही. ते सांगतात समोच्च रेषा. आपल्याकडे ट्रेकमध्ये वाट असते, दगडांवर बाण रंगवलेले असतात, पायथ्याच्या गावातला वाटाड्या असतो. इथे पुष्कळदा वाटच नसते, तेव्हा जमिनीचा उंचसखलपणा हीच वाट.

त्यातला एक नियम डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा. सोंडा वर चढताना एकमेकींना मिळत जातात आणि माथ्यावर एक होतात. म्हणून सोंडेने चढणारा सहसा चुकत नाही. तीच सोंड उतरताना मात्र फुटत जाते: एकीच्या दोन, दोनाच्या चार. अंधारात डाव्या फाट्याऐवजी उजवा धरला की अर्ध्या तासाने तुम्ही भलत्याच दरीत. घळींचं याच्या बरोबर उलट, त्या उतरताना एकत्र येतात. व्हिक्टोरियाच्या झिजलेल्या टेकड्यांत म्हणूनच पुष्कळजण रात्री घळीने उतरणं पसंत करतात. हे आंधळेपणाने सह्याद्रीत आणू नये. आपल्या कातळाच्या थरांत घळ मध्येच पन्नास-शंभर फुटांच्या कड्यावरून सुटलेली असू शकते.

होकायंत्राबद्दल आणखी एक. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे तो हिशेब करायची आपल्याला सवयच नाही. मेलबर्नच्या आसपास हा फरक 11 ते 12 अंश पूर्वेकडे आहे. तो दुर्लक्षिला तर किलोमीटरमागे सुमारे 200 मीटर बाजूला पडाल. रोगेनिंगच्या नकाशांवर चुंबकीय उत्तरेच्याच रेषा छापतात, म्हणून तिथे निभावतं. साधा सरकारी नकाशा घेऊन निघालात तर निभावणार नाही. शिवाय होकायंत्राची सुई पृथ्वीच्या त्या-त्या पट्ट्यासाठी समतोल केलेली असते. इकडून नेलेली सुई तिकडे एका टोकाने खाली कलून डबीला घासू शकते. भारतातून ऑस्ट्रेलियात गेलेल्या आपल्या मंडळींनी घरातून नेलेलं होकायंत्र एकदा तपासून घ्यावं. आकाशाचंही तसंच: तिथे ध्रुवतारा क्षितिजाखाली. दक्षिण शोधायची तर त्रिशंकूवरून, जो आपल्याला एप्रिल-मेच्या संध्याकाळी दक्षिणेला अगदी खाली दिसतो.

चेकपॉइंटच्या वर्णनातली एक खुबी मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. इंग्रजी वर्णनात 'द' असेल तर ती घळ किंवा ते टेकाड नकाशावर दाखवलेलं असतं. 'अ' असेल तर ते जमिनीवर आहे, नकाशावर नाही. आपल्या भाषेत असा भेद नसल्याने तेवढं एक अक्षर नजरेतून निसटतं, आणि माणूस नकाशात नसलेली घळ नकाशात शोधत बसतो.

"रात्री रानात चकवा लागतो"

हा मात्र निव्वळ गैरसमज म्हणून झटकून टाकता येत नाही. कोकणापासून विदर्भापर्यंत गावोगाव चकव्याच्या गोष्टी आहेत: माणूस रात्रभर चालतो आणि उजाडताना पाहतो तर त्याच झाडाखाली. असं सांगणारे लोक खोटं बोलत नव्हते. माणूस खरोखरच गोल फिरतो. गैरसमज आहे तो कारणाबद्दल.

जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत यान साउमान आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. 2009 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. माणसांना जर्मनीतल्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि त्यांचा मार्ग नोंदवला. सूर्य दिसत होता तेव्हा ते बरेच सरळ चालले. आभाळ भरून आलं तेव्हा जंगलातले लोक गोल फिरून आपल्याच वाटेला छेद देत गेले, आणि तसं झाल्याचं त्यांना कळलंही नाही. डोळे बांधलेल्यांची वर्तुळं तर कधी कधी अवघ्या 20 मीटर व्यासाची होती.

यावर आपल्याकडे सुशिक्षित माणूस लगेच म्हणतो, "एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा लांब किंवा जोरकस असतो, म्हणून." तेही चूक. तसं असतं तर प्रत्येकजण नेहमी एकाच बाजूला वळला असता. बहुतेक लोक कधी डावीकडे वळले, कधी उजवीकडे. संशोधकांचा निष्कर्ष असा की 'सरळ' म्हणजे कुठे ही मेंदूची कल्पनाच हळूहळू भरकटत जाते आणि बाहेरची खूण नसेल तर ती सुधारली जात नाही. चकवा लागतो तो असा.

म्हणूनच रोगेनिंगमध्ये बाहेरची खूण सतत हाताशी ठेवतात. दिशा धरली की ती रेषा जिथे जाते तिथलं एक झाड निवडायचं, त्याच्यापर्यंत चालायचं, तिथून पुढचं झाड. एकाने पावलं मोजायची. दर दुसरं पाऊल मोजलं तर मोकळ्या सपाटीवर 100 मीटरला साधारण साठ-पासष्ट भरतात, चढावर आणि झाडोऱ्यात जास्त. अंगठा नकाशावर सध्याच्या जागी, आपण पुढे सरकू तसा तोही सरकवायचा. आणि निघण्यापूर्वीच ठरवून ठेवायचं: ओढा ओलांडावा लागला, तर आपण पुढे निघून आलो; मागे फिरायचं.

"जोरदार बॅटरी असली की रात्र म्हणजे दिवस"

प्रखर हेडटॉर्चमुळे तुमच्याभोवती उजेडाची खोली तयार होते आणि भिंतीपलीकडचा डोंगर नाहीसा होतो. शंका आली की बॅटरी बंद करून जरा थांबावं. डोळ्यांना अंधार पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण आकाशावर उमटलेली धार आणि खिंड दोन मिनिटांतही दिसू लागते. धुक्यात कपाळावरचा उजेड थेंबांवरून उलटून डोळ्यांतच येतो. तेव्हा बॅटरी हातात, कमरेच्या उंचीवर धरावी. लाल दिव्याने डोळे दिपत नाहीत हे खरं, पण समोच्च रेषा बहुधा तपकिरी छापतात आणि लाल उजेडात त्याच पुसट होतात.

"संघ आहे तर कामं वाटून घेऊ"

दोघे इकडे जा, दोघे तिकडे, हे इथे चालत नाही. संघातल्या सगळ्यांनी एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहायचं, आणि चेकपॉइंटची नोंद करताना प्रत्येकाने खुणेच्या 20 मीटरच्या आत पोहोचलेलं असायला हवं. म्हणजे संघाचा वेग हा सगळ्यात दमलेल्या माणसाचा वेग. हे ज्यांना अडचण वाटतं ते पहाटे चारला एकमेकांवर खेकसतात. समजूतदार संघ मागे पडलेल्याचं ओझं न बोलता आपल्या पाठीवर घेतो आणि नकाशा थोडा वेळ दुसऱ्याच्या हाती देतो. चूक कबूल करायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो तो नकाशा धरलेल्या माणसाला, हे जवळजवळ प्रत्येक संघ अनुभवाने शिकतो.

झोपायचं नाही असाही नियम नाही. मध्यवर्ती तळाला 'हॅश हाउस' म्हणतात. तिथे गरम जेवण असतं, कधीही यावं, खावं, तंबूत दोन-चार तास पडावं आणि पुन्हा निघावं. नवख्यांनी तर रात्री झोपून पहाटे निघावं हेच बरं.

धोक्याबद्दल विचाराल तर व्यवस्था पक्की असते. प्रत्येकाजवळ शिटी हवीच, आणि संकटाची शिटी ऐकू आली तर गुण सोडून मदतीला जाणं बंधनकारक. जुन्या पद्धतीत प्रत्येक चेकपॉइंटवर एक कागद टांगलेला असे. संघाने त्यावर आपला क्रमांक, वेळ आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचं. कुणी परतलं नाही तर शोध कुठून सुरू करायचा हे त्यातून कळे. आपल्या नाइट ट्रेकला निघणाऱ्या किती गटांची अशी नोंद मागे असते?

आपल्याकडच्या गिरिभ्रमण संस्थांना माझी विनंती आहे. चोवीस तासांची स्पर्धा पुढे कधीतरी होईल. आधी वनखात्याची आणि जमीनमालकांची परवानगी घेऊन, पाऊस सरल्यावर, कडेकपारी टाळून, सहा तासांची दिवसाउजेडी भरवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे त्यासाठी उपलब्ध आहेत. आणि तोवर तुम्ही एवढं करा: पुढच्या रविवारी ओळखीच्या किल्ल्यावर नकाशा आणि होकायंत्र घेऊन जा, मोबाइल पिशवीच्या तळाशी ठेवा, आणि समोर दिसणाऱ्या सोंडा नकाशावर एकेक करून ओळखून पाहा.