हाताने फिरलं म्हणजे इंजिन गेलं?

गॅरेजमधून आबांना व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल टूलबॉक्सला टेकवून ठेवला आणि इंजिनाची पुढची पुली हाताने गरगर फिरवून दाखवली. तासगावहून ताबडतोब निकाल आला. "आरं, एवढं हलकं फिरतंय म्हंजी रिंगा गेल्या त्याच्या. बोअर करून घ्यावं लागतंय बघ."

आबांनी उभी हयात महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर चालवला. डिझेल इंजिन, हाताने फिरवायला गेलं तर मनगट उतरवील. त्या हिशेबाने त्यांचं चुकलं नव्हतं. पण माझ्यापुढे होता कब कॅडेट १२८, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा, पिवळा-पांढरा, पेट्रोलवर चालणारा. इथे इलिनॉयमध्ये अशा यंत्राला 'गार्डन ट्रॅक्टर' म्हणतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारातून तो मी भंगाराच्या भावात उचलला, कारण त्याचंही निदान आबांसारखंच होतं.

या ट्रॅक्टरचं इंजिन कोहलर कंपनीचं. तिच्या 'के' मालिकेतल्या बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्टच्या गिअरवर दोन छोटी वजनं बसवलेली असतात. इंजिन सावकाश फिरत असतं तेव्हा एक जिभली एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते आणि दाब सुटत राहतो. स्टार्टरला एवढं मोठं सिलिंडर दाबावं लागू नये म्हणून ही सोय. मिनिटाला साधारण साडेसहाशे फेरे झाले की वजनं बाहेर फेकली जातात, जिभली मागे सरते आणि पुरा दाब मिळू लागतो. म्हणजे हाताला जे 'गेलेलं' वाटतं, ते मुळात तसंच बनवलेलं आहे. कॉम्प्रेशन गेज लावूनही काही कळत नाही. काटा नेहमीच खाली दिसणार आणि गेज विकणारा खूश होणार.

खरी परीक्षा फुकट आहे. गिअर न्यूट्रलला, इग्निशन बंद, प्लगची वायर काढलेली पण प्लग जागेवर. मग इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच्या उलट दिशेने पुली जोरात फिरवायची. उलट फिरताना ती जिभली आड येत नाही. पुली दणकन मागे उसळली तर रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक. माझी पुली अशी उसळली की अंगठा झणझणला. आबा पडद्यावर थोडा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, "परत कर बघू."

अमेरिकेबाहेरच्या माणसाला, आणि खरं तर अमेरिकेतल्याही बऱ्याच जणांना, गार्डन ट्रॅक्टर म्हणजे गवत कापायचं यंत्र वाटतं. आबांचा पहिला प्रश्न हाच होता की गवतासाठी एवढा खटाटोप कशाला, म्हैस बांध की. पण लॉन ट्रॅक्टर वेगळा आणि गार्डन ट्रॅक्टर वेगळा. लॉन ट्रॅक्टरची चेसी पत्र्याची असते आणि गिअरबॉक्स हलका. त्याच्यामागे नांगर जोडला तर पहिल्या तासालाच गिअर खाऊन टाकील. कब कॅडेट १९६० साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यात सुरू केला. तिथेच त्यांचा फार्मॉल कब हा शेतीचा छोटा ट्रॅक्टर बनत होता आणि त्याच्या गिअरबॉक्समधले भाग या नव्या पोराला दिले गेले. १९६३ पासून त्यात बेल्टऐवजी शाफ्ट आणि क्लचप्लेट आली. दहा इंची नांगर, रोटाव्हेटर, बर्फ ढकलायचं पातं, सगळं हा ओढतो. योगायोग असा की आबांचा लाल ट्रॅक्टरही त्याच घराण्यातला. महिंद्राने १९६३ मध्ये याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी केली आणि त्यातून बी-२७५ आपल्याकडे आला. हे सांगितल्यावर आबांना हा पिवळा एकदम भावकीतला वाटू लागला.

आता ताकदीची गोष्ट. माझ्या ट्रॅक्टरचं के-३०१ इंजिन बारा एचपीचं, एकच सिलिंडर, ४७६ सीसी. साडेतीनशेच्या बुलेटपेक्षा मोठा पिस्टन, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. तरीही जुना ट्रॅक्टर हाती आला की तरुण मंडळींना आधी इंजिन बदलायचं असतं, नाहीतर वेग आवरणारा गव्हर्नर बांधून टाकायचा असतो. फेरे वाढले की जोर वाढतो, हा समज. या इंजिनाला मिनिटाला ३६०० फेऱ्यांची मर्यादा आहे आणि ती कागदोपत्री शिस्त नाही. कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आहे, त्यात वेगळी बेअरिंग नाही. तो थेट क्रँकवर फिरतो. ऑइल पंपही नाही. रॉडच्या बुडाला एक पळी आहे, ती प्रत्येक फेऱ्याला खालच्या तेलात बुडते आणि तेल उडवते, बस्स. वेग हद्दीबाहेर गेला, तेल कमी पडलं किंवा ट्रॅक्टर तीव्र उतारावर आडवा चालवला आणि पळी कोरडी राहिली, तर रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील फुटलं तर त्याहून वाईट, कारण या ट्रॅक्टरमध्ये ते चालवणाऱ्याच्या पायांकडे असतं.

शिवाय नांगर अडतो तो बहुतेक वेळा इंजिनामुळे नव्हे. चाक जागेवर फिरतं. म्हणजे जोर आहे, पकड नाही. त्यावर उपाय वजनाचा, आणि तो आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे: मागच्या टायरमध्ये पाणी भरायचं. फक्त इलिनॉयच्या थंडीत ते पाणी गोठतं. म्हणून इथले जुने लोक कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरत. ते गोठत नाही, पण ट्यूब गळली की रिम आतून खाऊन टाकतं. माझ्या डाव्या रिमला त्याच्याच चार भोकांची जाळी झाली होती. मी लोखंडी वजनं बोल्टने बसवली आणि विषय संपवला.

मोठे टायर हा आणखी एक मोह. दिसायला रुबाब येतो यात शंका नाही. मूळचे मागचे टायर २३ इंचांचे आहेत. तिथे २६ इंचांचे घातले तर प्रत्येक गिअरमध्ये वेग सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो आणि ओढ त्याच प्रमाणात घटते. म्हणजे रुबाब वाढवून नांगराचा गिअर घालवला.

बॅटरीचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात मीच फसलो. या ट्रॅक्टरला स्टार्टर आणि डायनॅमो वेगळे नाहीत. एकच नळकांडं बेल्टने इंजिनाला जोडलेलं. सुरू करताना ते मोटर, नंतर तेच डायनॅमो. माझ्याकडे इंजिन झकास सुरू होई, पण बॅटरी चार्ज होत नसे. फोनवर एका पार्टवाल्याने लगेच नवं स्टार्टर-जनरेटर घ्यायला सांगितलं. ऑर्डर देण्याआधी बेल्ट दाबून पाहिला तर तो झोका खेळत होता. ताणला. अर्थिंगच्या वायरचं टोक पिवळ्या रंगावर बसवलेलं, रंग खरवडून लोखंड उघडं केलं. तरीही चार्जिंग शून्य. मग जुनं मॅन्युअल उघडलं. डायनॅमोच्या आतल्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असावं लागतं. वायरी काढल्या-जोडल्या की ते नाहीसं किंवा उलटं होऊ शकतं. इंजिन बंद असताना रेग्युलेटरवरच्या 'बॅट' आणि 'जेन' या दोन टोकांना वायरचा तुकडा क्षणभर टेकवायचा. चट्ट करून ठिणगी उडाली. इंजिन सुरू केलं, ॲमीटरचा काटा उजवीकडे सरकला. एकही पार्ट विकत न घेता काम झालं. हा उपाय या जुन्या डायनॅमोसाठी आहे. अल्टरनेटरवर कोणी करू नये, डायोड जळतील.

पॉइंटबद्दल वेगळाच गैरसमज. जुनं इग्निशन म्हणजे कटकट, इलेक्ट्रॉनिक बसवून टाका. बसवायला हरकत नाही, पण या इंजिनाचे पॉइंट ब्लॉकच्या बाजूला एका डबीत आहेत. दोन स्क्रू काढले की समोर दिसतात. पॉलिश पेपरची पट्टी मधून ओढायची, मग कोरडा कागद ओढून भुकटी काढायची, आणि पॉइंट पुरे उघडे असताना वीस थाउचं (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फीलर गेज अलगद अडकेल एवढं अंतर ठेवायचं. प्लगला पस्तीस थाउ. बुलेटवाल्या कोणत्याही मिस्त्रीला हे झोपेत जमेल.

शिसं नसलेल्या पेट्रोलने जुनं इंजिन मरतं, असंही ऐकलं. कोहलरच्या मॅन्युअलमध्ये उलट बिनशिशाचं पेट्रोल सुचवलेलं आहे, काजळी कमी साचते म्हणून. त्रास होतो तो इथेनॉलचा. जुनी रबरी नळी मऊ पडते आणि हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखं बसतं. नळी नवी घाला, थंडीआधी टाकी रिकामी करा.

गिअरबॉक्समध्ये 'नव्वद नंबर' तेल ओतायची सवय आपल्याकडे हाडीमाशी खिळली आहे. या ट्रॅक्टरला इंटरनॅशनलचं हाय-ट्रान लागतं, ते पातळ असतं आणि आत शिरलेली ओल सामावून घेतं. माझ्या ट्रॅक्टरमधून कोणीतरी भरलेलं घट्ट काळं तेल निघालं, मागून ताकासारखं पाणी आलं.

पार्ट मिळत नाहीत, हा समज तर मी निकालातच काढतो. पॉइंट, कंडेन्सर, गॅसकेट सगळं मिळतं. रॉड तर दहा थाउ अंडरसाइजही मिळतो, म्हणजे क्रँक झिजला असेल तर तो घासून घेऊन पुन्हा बसवता येतो.

आता राहिलं ते अवजारं जोडायचं मागचं थ्री-पॉइंट. तेही बसवलं. आबांनी लगेच तासगावचं सरी सोडायचं अवजार धाडायची तयारी दाखवली. मी पिना मोजून सांगितल्या: माझ्या ट्रॅक्टरच्या पिना सोळा मिलिमीटरच्या, त्यांच्या अवजाराची भोकं बावीसच्या पिनांची.

"बुश घाल की."

"बुशीने भोक जुळेल आबा, पण दोन पिनांमधलं अंतरच कमी आहे. माझं वीस इंच."

पडद्यावर आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग तिथं एखादा वेल्डिंगवाला बघून ठेव," ते म्हणाले, "मी टेप घेऊन शेडात जातो. तू फोन ठेवू नको."